कुसुमताईंचा श्वास

दुपारच्या जेवणानंतर नानांनी मास्क चढवला, दोन छोटे श्वास घेतले आणि मग एक लांब सुस्कारा सोडला. यंत्राचा हिरवा दिवा लागला.

"ओळखलं बघ," ते लेकीला म्हणाले. "तुझी आई अशीच झोपायची. पंचेचाळीस वर्षं ऐकलंय."

झोपेत मास्कमधून हवा देणारं हे यंत्र कुसुमताईंचं होतं, त्या गेल्यापासून कपाटात पडलेलं. ज्याच्या नावावर नोंद, त्याचाच श्वास ओळखून ते सुरू व्हायचं. झोपेत नानांचा श्वास अडायचा. उपचार लगेच सुरू करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, पण नव्या यंत्रासाठी आठ महिन्यांची रांग होती.

"नाना, लबाडी आहे ही," वैजयंती हसून म्हणाली.

"बायकोच्या वस्तूत कसली आलीय लबाडी?" म्हणत ते कुशीवर वळले.

झोप गाढ झाली तसा श्वास त्यांचा स्वतःचा झाला. यंत्रानं परका माणूस ओळखला आणि हवा बंद केली; मास्क मात्र नाकातोंडावर घट्ट बसलेलाच राहिला. चार वाजता वैजयंती चहा घेऊन आली, तेव्हा नाना गार पडले होते.

तिनं यंत्राच्या कंपनीला अकरा पत्रं लिहिली. शब्द तोलून वापरायची तिची सवय. प्रत्येक पत्रात तिनं 'दुर्दैवी निधन' असंच लिहिलं. अखेर यंत्र परत न्यायला एक अधिकारी आला.

"निधन अनधिकृत वापरामुळे झालं, एवढ्यावर सही करा, मॅडम."

वैजयंतीनं पेन बाजूला ठेवलं.

"निधन झालं नाही," ती आवाज न चढवता म्हणाली. "आत माणूस श्वास घेतोय, हे तुमच्या यंत्राला कळत होतं. तो कुणाचा आहे, एवढंच बघून तुम्ही हवा बंद केलीत. तुम्ही माझ्या वडिलांना मारलंत."