न धुतलेला स्वेटर

आत्याने एका पिल्लाला सुगंधी साबणाने आंघोळ घातली आणि मांजरीने त्याला पंजाने दूर लोटलं. “आई कसली, मेली वैरीण. मालकिणीचंच वळण,” आत्या पुटपुटली. मालकीण म्हणजे माझी आई. तिला जाऊन आठवडाही झाला नव्हता. मी अपुऱ्या दिवसांची जन्मले, महिनाभर दवाखान्यात काचेच्या पेटीत होते. घरी आणल्यावर आईने मला जवळ घेतलं नाही, हे आत्या अजून सांगते. मी कपाटातून आईचा स्वेटर काढला. तिचा वास राहावा म्हणून तो धुतला नव्हता. आई असताना मांजर त्यावरच झोपायची. ओलं पिल्लू त्यानेच पुसलं आणि तिच्यापुढे ठेवलं. ती हुंगत राहिली, मग चाटू लागली. “माझ्याही अंगाला दवाखान्याचा वास होता, आत्या. घरी आणल्यावर चौथ्या दिवशी आईने मला पाजलं, तेही सांगत जा.” “दे स्वेटर धुवायला,” आत्या म्हणाली. मी तो पिल्लांखाली अंथरला.