ओली बांधणी

"ताई, आज द्याच. बाबांचं काही खरं नाही," पुस्तकबांधणीच्या दुकानात आलेला तरुण काकुळतीने म्हणाला. "डोळे तर कधीच गेलेत त्यांचे. स्वतःच्या कवितांच्या पुस्तकावर एकदा नुसता हात फिरवतील."

कुमुदताईंनी प्रेसचा दांडा आणखी आवळला. आत त्यांनीच जीव ओतून बांधलेलं पुस्तक होतं: लाल कातडं, कडेने वेलबुट्टी, मधोमध बोटांना लागेल असं उठावाचं नाव. पण पुठ्ठ्याची खळ अजून ओली होती.

"ओली बांधणी मी कुणाच्या हातात देत नाही. पुठ्ठा वाकला की नाव माझं खराब होतं. उद्या सकाळी या."

तो घुटमळला आणि पायऱ्या उतरला.

सकाळी कुणी आलं नाही, त्यानंतरही नाही. पुस्तकावरची धूळ झटकताना कुमुदताई चरफडत, "एवढी घाई होती ना!"

दहा-बारा दिवसांनी तो आला. टोपीखाली मुंडण केलेलं डोकं. कुमुदताई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी पुस्तक पुढे केलं. त्याने डोळे मिटले आणि वडिलांच्या नावावरून सावकाश बोटं फिरवली.

पुठ्ठा तसूभरही वाकला नव्हता.