दाराशेजारची भिंत

आमच्या गावात थोर माणसांच्या घरांवर संगमरवरी फलक लावतात, पण माणूस मेल्यावरच. आमच्या गल्लीत असे तीन आहेत: एक शरीरशास्त्रज्ञ, एक व्हायोलिन बनवणारा, एक नकाशे काढणारा. त्यामुळे सकाळी पाथरवट नाझारेनो शिडीवर चढून आमच्या दाराशेजारची भिंत मोजताना दिसला, तेव्हा मी तसाच शिडीखाली धावलो.

"कोणाचा फलक?" मी खालून विचारलं.

"मला नाव कुठे सांगतात, प्रोफेसर! ऑक्टोबरच्या आत बसवायचाय, एवढंच सांगितलंय."

गेल्याच आठवड्यात माझं रक्त तपासलं होतं. अहवाल आणायला माझी बायको एर्सिलिया एकटीच गेली आणि आल्यावर "सगळं ठीक आहे" एवढंच म्हणाली. काल तर नगराध्यक्षांनी मला स्वतःहून नमस्कार केला. यापूर्वी कधी केला नव्हता.

मी स्वयंपाकघरात गेलो. "एर्सिलिया, खरं सांग. किती दिवस उरलेत माझे?"

सॉस ढवळणारा तिचा हात थांबला. "डोकं फिरलंय का तुझं? तुला साखर कमी खायला सांगितलीय, बस्स. आणि तो फलक एका गायिकेचा आहे. दोनशे वर्षांपूर्वी ती या घरात तीन रात्री तापाने पडून होती. नगरपालिकेचं पत्र तुझ्याच टेबलावर पडलंय, पुस्तकांखाली."

माझ्या जिवात जीव आला. तीन रात्री! मी इथे चाळीस वर्षं पुस्तकं लिहितोय. ती कोणी वाचतं की नाही, देव जाणे.

मी पुन्हा बाहेर गेलो. गल्लीत कोणी नाही हे पाहून नाझारेनोला हळूच विचारलं, "फलकावरच्या नावाखाली थोडी जागा उरेल का रे?"