खातं नको

नवा कॉम्प्युटर मांजरी गावातल्या घरात टेबलावर बसला आणि पहिल्याच पावलाला अडला. "आई, ऑनलाइन खातं उघडल्याशिवाय हा पुढंच जात नाही. माझंच खातं टाकतो," विश्वजीत म्हणाला. "म्हणजे तू लिहिलेलं मला फोनवर आपोआप दिसेल."

शकूबाई भडकल्या. "मिक्सर आणला तवा त्यानं माझा नंबर मागितला व्हता? का मी वाटलेली चटणी तुझ्या फोनवर दिसती? साठीत अक्षरं गिरवली, ती काय तुझ्या पहाऱ्यात लिहायला?"

"बरं, मग तुझ्या नावानं उघडू. आधारवरचं नाव टाकतो, शकुंतला..."

"हात लावू नको! माझ्या घरातल्या वस्तूवर बाहेरच्या कुणाचा शिक्का नको. बिनखात्याचा चालत नसंल तर नेऊन दुकानदाराच्या डोक्यात घाल."

आईचा अवतार बघून विश्वजीतनं मुकाट्यानं इंटरनेट बंद केलं, बऱ्याच खटपटी केल्या, आणि खात्याविना काम झालं. पडद्यावर वापरणाऱ्याचं नाव विचारणारा चौकोन तेवढा उरला. शकूबाईंनी लेकाचा हात बाजूला सारला आणि एका बोटानं एकेक अक्षर दाबत नाव लिहिलं: हौसा.

"ही कोण?" विश्वजीतनं विचारलं.

शकूबाईंनी पेपर वाचत बसलेल्या नवऱ्याकडं बोट केलं. "इचार तुझ्या बापाला. लग्नात तांदळाच्या ताटात त्यांनी शकुंतला लिहिली, तवाच हिला पुसून टाकली."