अंतराळातील पंचायत

पिंपळगाव राजा या गावी आलेल्या फिरत्या टॉकीजमध्ये हिंदीत बोलणारा जपानी कार्टूनपट लागला. त्यात अंतराळयानाच्या कप्तानाचा खून होतो; पण खुनी सांगणारे अखेरचे रीळ शेगाव स्थानकावरच राहिले. प्रेक्षक खवळले. तेव्हा तीस वर्षांत ज्यांचा एकही न्याय फिरला नव्हता, त्या सरपंच नारायणरावांनी तंबूतच पंचायत भरवून निर्णय दिला, "खुनी यानावरचा डाक्टरच!"

दुसऱ्या दिवशी रीळ आले. पडद्यावर यानचालक तरुणीने रडत रडत गुन्हा कबूल केला.

प्रेक्षकांतल्या गीताबाईंनी टोमणा मारला, "काहो सरपंच, तुमचा डाक्टर तं सुटला!"

नारायणराव उपरणे सावरीत सावकाश उभे राहिले.



"कायचा सुटला, बाई? त्यानंच दम देल्ला असन पोरीले. निकाल कायम!"