जंतूची आई

प्रयोगशाळेतल्या बाईंना सगळे 'जंतूची आई' म्हणत. जनुकं बदलून तयार केलेला एक जंतू बाहेर सोडणं सुरक्षित आहे की नाही, हे आंतरराष्ट्रीय समिती ठरवणार होती आणि तोवर त्याला तीन कुलपांआड जगवायचं काम बाईंकडे होतं. दुसऱ्याच वर्षी जंतू मेला. पण दरमहा समितीला पाठवायच्या तक्त्यात रकाने तीनच होते: वाढला, निसटला, स्थिर. मेल्याला जागाच नव्हती. मेलेल्याइतकं स्थिर कोण असतं, असं म्हणत बाईंनी तिथे खूण केली. समितीचं उत्तर आलं, "प्रगती समाधानकारक. देखरेख चालू ठेवावी."

मग काय! रोज मास्क, दुहेरी हातमोजे, तीन कुलपं आणि रिकाम्या बशीत दोन थेंब खाणं. दर महिन्याला खूण, दर महिन्याला 'समाधानकारक'. अशी नऊ वर्षं गेली.

निवृत्तीच्या आदल्या दिवशी मात्र बाईंना राहवेना. त्यांनी थेट समितीच्या कार्यालयात फोन लावला आणि तिथल्या कारकुनाला एका दमात सगळं सांगून टाकलं.

"आता समितीला काय शिक्षा करायची ती करू दे, भाऊ."

पलीकडून कारकून म्हणाला,

"अहो बाई, समिती तर तिसऱ्याच वर्षी बरखास्त झाली! पण दर महिन्याला तुमचा अहवाल येतोय म्हटल्यावर उत्तर नको का द्यायला?"