ओहोटीचं मैदान

ज्यांना बोटी लागायला धक्का हवा त्यांनी समुद्राकडच्या अर्ध्या मैदानात यायचं होतं, ज्यांना नको त्यांनी गावाकडच्या. समुद्राकडे एलादियो रियास्कोस एकटाच उभा होता.

गावाची सभा अशीच व्हायची. ओहोटीला वाळू उघडी पडली की मधोमध काठीनं रेघ ओढायची आणि भरती यायच्या आत निकाल लावायचा. हात वर करण्यावर इथं कुणाचा भरवसा नव्हता. वर केलेला हात हळूच खाली घेणारे फार होते.

एलादियो राजधानीच्या क्लबाकडून नऊ वर्षं फुटबॉल खेळला होता. गावी परतून नगराध्यक्ष झाला, तो एकाच शब्दावर: मैदानाला कुणाला हात लावू देणार नाही. आणि आता धक्क्यासाठी हेच मैदान तो मागत होता, कारण किनाऱ्यावर टणक जमीन एवढीच होती, बाकी सगळा चिखल. गावाच्या होकाराचा कागद आजच्या बोटीनं गेला नाही, तर धक्का दुसऱ्या गावाला जाणार होता.

"काय रे एलादियो, एकट्यानंच मॅच काढणार का?" पलीकडून प्लुतार्को काकांनी विचारलं. त्याला खेळायला शिकवलं ते त्यांनीच. लोक हसले. "निवडणुकीत शब्द दिला होतास ना?"

"दिला होता, काका. आज मोडतोय."

हसणं थांबलं. चार महिन्यांपूर्वी बाळंतपणात अडलेल्या नुबियाला झोळीत घालून चिखलातून बोटीकडे नेलं, तेव्हा झोळीची एक बाजू एलादियोच्या खांद्यावर होती. बोट दोनशे पावलांवर असताना ती गेली. तेव्हापासून त्याला धड झोप नव्हती.

"चाळीस वर्षांत या मैदानानं किती जणांना वर काढलं?" तो म्हणाला. "मला एकट्याला. आणि त्या चिखलात किती जणी गेल्या, ते पास्तोरा मावशीला विचारा."

गावातली निम्मी पोरं पास्तोरा मावशीच्या हातांवर जन्मलेली. तिनं घागरा गुडघ्यापर्यंत उचलला आणि रेघ ओलांडली.

"अकरा जणी," जाता जाता ती म्हणाली. "तुझी अख्खी टीम होईल, प्लुतार्को."

तिच्यामागून नुबियाचा नवरा आला. मग बायका दोघी-तिघींनी येऊ लागल्या आणि त्यांच्यामागून मान खाली घालून त्यांचे नवरे. काका बराच वेळ घुटमळले. शेवटी तेही आले. "नवं मैदान कुठं करायचं ते मात्र मी ठरवणार," एवढं त्यांनी सगळ्यांना ऐकवलं.

पाणी घोट्यापर्यंत चढलं. सभेचा चिटणीस निकोमेदेस वही उघडून डोकी मोजू लागला. गावाकडच्या अर्ध्यात आता एकच बाई उरली होती. एर्लिंदा, एलादियोची आई.

याच मैदानाच्या कडेला तळलेले मासे विकून तिनं त्याचे पहिले बूट घेतले होते. धक्क्याची गोष्ट निघाल्यापासून तीन दिवस ती त्याच्याशी या विषयावर अवाक्षर बोलली नव्हती. सगळं गाव तिच्याकडे बघत होतं. एलादियोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो पाण्याखाली गेलेल्या रेघेपाशी गेला.

"आई, चल ना. भरती येतेय."

"तुझं काम झालं ना?"

"झालं. पण तू..."

"बघितलं मी. सगळे गेले तिकडे. जाईल तुझा कागद." तिच्या आवाजात राग नव्हता. "नुबियाला मीच न्हाऊ घातलं शेवटचं. धक्का मला का नको असेल?"

"मग अशी का उभी आहेस?"

"अरे, तुला या मैदानानंच वाढवलं. आज याच्या बाजूनं एक तरी माणूस उभं राहायला नको?"

एलादियोनं मागे वळून बघितलं. सगळं गाव त्याच्या बाजूला उभं होतं. मग त्यानं रेघ ओलांडली आणि आईशेजारी जाऊन उभा राहिला.

"निकोमेदेस, लिही," तो म्हणाला. "विरोधात दोन."